फोटो ठेवू की वस्तू? घरातल्या आठवणी जपण्याचं काम, पायरी-पायरीने

जुनं घर विकायला निघालं, मुलगा पुण्याला नाहीतर हैदराबादला कायमचा गेला, भावाभावांत वाटणी ठरली, की माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात. एका बाजूला फोटोंच्या पिशव्या, दुसऱ्या बाजूला पितळी हंडे, वाकळा, चादरी, कुणाचा तरी मिलचा पास. नव्या दोन खोल्यांत हे सगळं मावणार नसतं. तरुण मंडळी म्हणतात, "सगळ्याचे फोटो काढू, वस्तू देऊन टाकू." थोरली म्हणतात, "फोटोला हात लावून काय कळतंय?"

दोघांचंही निम्मं खरं आहे. फोटोत चेहरा राहतो, अंगावरचे कपडे राहतात, कोण कोणाशेजारी उभं होतं ते राहतं. वस्तूत वजन, वास आणि झीज राहते, म्हणजे ती रोज कशी वापरली गेली ते. मात्र सांगणारं माणूस गेलं की दोन्ही मुकी होतात. कपाटात शंभर फोटो आहेत आणि त्यातल्या नव्वदांत कोण आहे ते कुणालाच माहीत नाही, अशी घरं सोलापुरात गल्लीगल्लीत सापडतील. म्हणून या कामात पहिला नंबर सांगणाऱ्या माणसाचा.

पायरी १: पेटीआधी माणूस

घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाजवळ बसा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, रेकॉर्डिंग चालू करा आणि फोन दुमडलेल्या टॉवेलवर त्यांच्याजवळ ठेवा. उन्हाळा असेल तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवावा लागेल, नाहीतर नंतर फक्त घरघर ऐकू येते. त्यामुळे सकाळी लवकरची वेळ बरी. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा. अर्ध्या तासावर ताणू नका, म्हातारं माणूस दमतं.

"जुन्या आठवणी सांगा" म्हटलं की बहुतेक जण गप्प बसतात. एक फोटो हातात द्या आणि अगदी बारीक काहीतरी विचारा.

"आज्जी, ही कोण हो?"

"ही होय? आमच्या थोरल्या जावेची भैन. हिच्याच लग्नात हे इरकल घेतलेलं मला. पदर बघ की."

आता पेटीतल्या त्या इरकलीला एक लग्न चिकटलं, आणि फोटोतल्या अनोळखी बाईला नातं मिळालं. फोटो आणि वस्तू एकमेकांची साक्ष देतात ती अशी. अशी एक जोडी जुळली की तिचा नंबर लगेच लिहून ठेवा. नंतर जुळवू म्हटलं की ते राहूनच जातं.

आपल्याकडे सोलापुरात एकाच घरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू चालते. आजी ज्या भाषेत सहज बोलते त्या भाषेत बोलू द्या, मध्येच "मराठीत सांगा" म्हणू नका. फोटोच्या पाठीमागे तेलुगूत किंवा कन्नडमध्ये दोन ओळी लिहिलेल्या असतात. ते वाचणारं घरातलं शेवटचं माणूस असेल तोवर वाचून घ्या. जुन्या कागदांवर मोडी असेल तर मोडी वाचणारी माणसं आजही मिळतात. कागद मात्र त्यांच्या हवाली करू नका, आधी स्कॅन करून प्रत द्या.

पायरी २: तीन ढीग

मग पेटी उघडा. तीन ढीग करायचे: वस्तू ठेवायची, फोटो काढून वस्तू सोडायची, आणि अजून ठरत नाही. तिसरा ढीग मोठा झाला तर घाबरू नका, त्याला सहा महिन्यांची मुदत द्या.

ठरवायला मी एकच कसोटी लावतो. वस्तू हातात घेतल्यावर असं काही कळतं का, जे फोटोत कळणार नाही? कळत असेल तर ठेवा. नसेल तर फोटो पुरे.

यंत्रमागावरचा किंवा हातमागावरचा धोटा घ्या, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. वरून एकच फोटो काढला तर होडीच्या आकाराचा लाकडाचा तुकडा दिसतो, संपलं. हातात घेतला की वजन कळतं. दोन्ही टोकांची धातूची टोपणं आपटून आपटून बोथट झालेली दिसतात. आत सुताची कांडी बसवायची खाच आणि सूत बाहेर येण्याचं बारीक भोक असतं. बोट फिरवलं तर एक कड दुसरीपेक्षा गुळगुळीत लागते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या माग चालवला, त्या घरात एक तरी धोटा राहिला पाहिजे असं माझं मत आहे. दहा मात्र ठेवू नका. बिडी वळणाऱ्या आईचं सूप आणि कात्री यांचंही तसंच. बिडी कामगार ओळखपत्राचा स्कॅन चालेल, पण कात्रीच्या मुठीला गुंडाळलेली चिंधी स्कॅन होत नाही.

उलट शाळेतल्या ट्रॉफ्या, लग्नपत्रिका, आहेरात आलेली भिंतीवरची घड्याळं, शोकेसमधली बाहुली, यांचा फोटो काढा आणि सोडा. बारा ताटांच्या सेटमधलं नाव घातलेलं एक ठेवा, बाकीची वापरणाऱ्याला द्या.

सोडताना जीव तुटतो, हे खरंच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत यावर एक प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही वसतिगृहांत मुलांना सांगितलं, जिव्हाळ्याच्या वस्तूंचे आधी फोटो काढा, मग दान करा. बाकीच्यांत नुसतं दान करा म्हटलं. फोटोची सूचना होती तिथे ६१३ वस्तू आल्या, दुसरीकडे ५३३. वस्तू गेली तरी तिच्यातला आपला भाग हातात राहतो, एवढा दिलासा फोटो देतो.

त्याची दुसरी बाजूही माहीत असावी. फेअरफील्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी लोकांना संग्रहालयात नेलं, काही वस्तू नुसत्या बघायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितलं. २०१४ साली छापून आलेल्या या अभ्यासात फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. ज्यांनी जवळ जाऊन एखाद्या भागावर झूम केलं, त्यांच्या आठवणीत मात्र अशी घट दिसली नाही. आपल्यासाठी यातून कामाची गोष्ट एवढी, की टिपण्याआधी बघा आणि बारकावा टिपा.

पायरी ३: वस्तूचा फोटो असा काढा

खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद. मागे पांढरी साधी चादर. प्रत्येक वस्तूचे किमान चार फोटो: पूर्ण वस्तू, शेजारी फूटपट्टी ठेवून एक, खुणेचा जवळून एक, आणि घरातलं माणूस ती वस्तू वापरतंय असा एक. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक काढत नाहीत. जात्याचा फोटो सगळे काढतात. खुंट्यावर हात कसा धरायचा हे आजीच्या हातासकट कुणी टिपत नाही. व्हिडिओ काढला तर आणखी बरं, आवाजही येतो.

भांड्यांवरची नावं हा आपल्या घरांतला मोठा दस्तऐवज आहे. तांब्या, परात, घागर यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं: कुणाकडून, कुणाला, कोणत्या लग्नात, कधीकधी तारखेसकट. समोरून फोटो काढला की धातू चमकतो आणि अक्षरं गायब होतात. खोलीतला दिवा मालवा, एका बाजूने आडवी टॉर्च धरा. ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि नाव वाचता येतं. त्यानेही नाही जमलं तर पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल तिरकी घासा, अक्षरं कागदावर उतरतात. मुलांना हे काम फार आवडतं, त्यांच्याकडेच सोपवा. भांडं मोडीत द्यायचं असलं तरी हे करून मगच द्या.

पायरी ४: जुने छापील फोटो

इथे घाई नडते, म्हणून जरा सविस्तर.

कृष्णधवल फोटो बहुधा चांगले टिकलेले असतात, कारण त्यात चित्र चांदीच्या कणांचं असतं. खरी काळजी १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या रंगीत फोटोंची. त्यांतले रंग अंधारातसुद्धा हळूहळू उडतात, आणि सगळे रंग सारख्या वेगाने उडत नाहीत, म्हणून फोटो लालसर होत जातात. उष्णतेने हा वेग वाढतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर पेटीत काय होत असेल त्याचा विचार करा. कोकणातल्या घरात बुरशी फोटो खाते, आपल्याकडे ऊन खातं. म्हणून फोटो माळ्यावरून मधल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आणा. बाहेरच्या भिंतीला आणि न्हाणीघराच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळा. स्कॅनिंगची सुरुवातही याच रंगीत फोटोंपासून करा, कृष्णधवल थांबू शकतात.

पानावर चिकट थर आणि वर प्लॅस्टिकचा पडदा असे अल्बम एके काळी घरोघरी होते. तो डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि फोटोला धरून बसतो. नखाने उचकटू नका. दात साफ करायचा बारीक दोरा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. एवढं करूनही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा आणि तसंच राहू द्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा.

भिंतीवरचे आजोबा-पणजोबा हा वेगळाच विषय. त्यांना हार, कुंकू, उदबत्तीचा धूर आणि समोरच्या खिडकीतलं पश्चिमेचं ऊन असं सगळं रोज मिळतं. त्या घराण्यातला तो एकुलता एक फोटो असतो. काढून घ्या, स्कॅन करा, चांगली प्रत छापून फ्रेमला लावा आणि मूळ फोटो आत ठेवा. घरात कुणी कुरकुरलं तर सांगा, कुंकू प्रतीलाही लागतं.

स्कॅन करताना साध्या आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप) ठेवा, म्हणजे पुढे दुप्पट मोठा छापता येतो. निगेटिव्ह असतील तर फेकू नका. त्या फोटोपेक्षा जास्त तपशील धरून असतात, आणि त्यांना २४०० डीपीआयच्या पुढे जावं लागतं, तसा स्कॅनर असलेला स्टुडिओ शोधा. मोबाइलने काढणार असाल तर फोटो सपाट ठेवा, सावलीतल्या उजेडात, फोन अगदी समांतर धरा. पाठीमागची बाजूही टिपा. तिथे स्टुडिओचा शिक्का, तारीख, नाव असतं. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेल्या फोटोवर कधीकधी एवढाच पुरावा उरतो.

नाव लिहायचं ते पाकिटावर, आणि पाकिटात फोटो घालायच्या आधी. फोटोच्या पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब समोर उमटतो. स्टेपल, सेलोटेप, रबरबँड यांना थारा नको, आणि लॅमिनेशन तर कधीच नको. ते पुन्हा काढता येत नाही. मिलच्या पासचं, जुन्या पगारचिठ्ठीचं लॅमिनेशन करून आणणारे लोक भेटतात. हेतू चांगला असतो, पण कागद कायमचा अडकतो.

फोटो भिजले तर ते ओलेच असताना वेगळे करा. स्वच्छ थंड पाण्यात हलकेच धुवा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. एकमेकांवर वाळले की गठ्ठा होतो.

पायरी ५: मोबाइलमधले फोटो

हे सोपं वाटतं आणि इथेच सगळ्यात जास्त हरवतं. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो, आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही जाते. घरच्या कार्याचे फोटो मागताना "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. हा नियम पाळा. एक प्रत संगणकावर किंवा हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक बहिणीच्या घरच्या हार्ड डिस्कवर. पेन ड्राइव्ह कपाटात ठेवून विसरायची वस्तू नव्हे, वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिली तर तिच्यावरची माहिती जाऊ शकते. लग्नाच्या सीडी अजून असतील तर या आठवड्यात कॉपी करा. गूगलवर मोफत जागा १५ जीबीच आहे. जून २०२१ पासून नव्या फोटोंना अमर्याद जागा मिळत नाही. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते पुसलं जाऊ शकतं. वडील वारले आणि त्यांच्या खात्यात फोटो आहेत, तर ते आधी उतरवून घ्या. स्वतःच्या खात्यात "इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" उघडून मुलाचं किंवा मुलीचं नाव घाला.

आणि छापा. अक्षता सोहळ्याचे दोनशे फोटो असतील, त्यातले पाच निवडा. वर्षाचे मिळून पन्नास. पुढची पिढी हार्ड डिस्क उघडेल याची खात्री नाही, अल्बम उघडेल.

पायरी ६: वस्तू टिकवायची कशी

कापड सगळ्यात नाजूक. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजापुढे (मिरवणुकीतल्या उंच काठीपुढे) घातलेली बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, घ्या. ती धुऊन, कांजी पूर्ण काढून, पूर्ण वाळवून ठेवा. कांजीवर कसर जगते आणि घामाचे डाग पुढे पिवळे होतात. बंद सरळ करून घ्या. इरकल किंवा दुसरं रेशमी लुगडं धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटतं. डांबरगोळ्या कापडाला चिकटू देऊ नका, पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. घोंगडीला कीड लागली असेल तर पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, मग झटका.

सोलापुरी चादरीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तिला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती शोकेसमध्ये घालायची गरज नाही. ती पांघरायची वस्तू आहे, पांघरा. आजोबांनी स्वतः विणलेली असेल तर तेवढी एक बाजूला काढा, उलटसुलट दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. जुन्या लुगड्याची वाकळ, आमच्याकडे काही घरांत जिला कौदी म्हणतात, ती शिवायची असेल तर कात्री लावण्याआधी काठ, पदर आणि पूर्ण लुगडं टिपून घ्या. मग बिनधास्त शिवा. पेटीत कुजण्यापेक्षा ते बरं.

वास हा मात्र फोटोच्या आवाक्याबाहेरचा. मेंदूत वासाची वाट भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांना अगदी जवळून जाते, म्हणून एखाद्या उपरण्याचा वास एकदम माणूस उभं करतो. असा एखादा कपडा असेल तर तो न धुता, कापडात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वरचेवर उघडू नका. कांजीचा किंवा अन्नाचा डाग नाही, एवढं बघून घ्या.

धातूची हौस आवरा. पितळी भांडं चिंच लावून लख्ख केलं की प्रत्येक वेळी कोरलेल्या नावाचा थोडा भाग जातो. स्वातंत्र्यसैनिकांना १९७२ साली ताम्रपट दिले गेले, सोलापुरात ते ज्या घरांत आहेत तिथे ते घासून चमकवण्याची खोड असते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स. लाकडाला तेल चोपडू नका, धूळ ब्रशने झटका.

पायरी ७: चिठ्ठी आणि वही

एक जाड शंभर पानी वही. प्रत्येक वस्तूला आणि महत्त्वाच्या फोटोला नंबर. नोंद अशी:

"क्र. १४. पितळी परात. आईच्या आईची. लग्नात तिच्या मामाने दिली, नाव कोरलेलं आहे. पिठासाठी वापरायची. काठाला पोचा आहे तो आडावर पडली तेव्हाचा. सांगितलं: मावशी. फोटो: परात-१ ते ४. आवाज: मावशी-रेकॉर्डिंग २."

त्यातला पोचा महत्त्वाचा. "जुनी परात, आठवण" असं लिहिलं तर कुणालाच काही कळत नाही. नंबर वस्तूवर चिकटवू नका, दोऱ्याला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहा. वहीचे फोटो काढून क्लाउडवर टाका.

संग्रहालयं याहून फार वेगळं काही करत नाहीत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० सालचा, सोलापूरचा. १९३८ साली ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांचं इथलं घर आता स्मारक आहे, मुलांना घेऊन एकदा जाऊन या. घराची भिंत, फोटो आणि त्याखालची माहिती एकत्र आली की काय होतं ते तिथे बघायला मिळतं.

वाटणी आणि दान

वस्तू एक आणि दावेदार चार, असं झालं की भांडण वस्तूवरून नसतं. वहीत लिहा, वस्तू कोणाकडे आहे. बाकीच्यांना चांगला छापलेला फोटो आणि नोंदीची प्रत द्या. लुगडं, चादर यांचे तुकडे करून वाटू नका. घागर मोडून पैसे वाटण्यापेक्षा पाळीपाळीने वर्षभर एकेका घरी ठेवणं सोपं जातं.

१९३० साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉच्या (लष्करी कायद्याच्या) काळातली पत्रं, जप्तीचे कागद, तुरुंगातले निरोप, किंवा गिरणी कामगारांच्या संपाची पत्रकं निघाली तर ती फक्त घरची आठवण राहत नाहीत. आधी पूर्ण स्कॅन करा, मग ग्रंथालय किंवा संग्रहालयाशी बोला. देताना तीन गोष्टी लेखी घ्या: पोच, नोंद कोणत्या क्रमांकाने होणार, आणि घरच्यांना पुन्हा बघायला मिळणार का. पोच देत नसतील तर मूळ कागद देऊ नका, स्कॅन द्या.

या सगळ्याची वार्षिक तपासणी संक्रांतीला ठेवा. गड्ड्याला गावोगावचे पाहुणे घरी असतात, हवा कोरडी आणि गार असते. कापडं सावलीत उलगडून ठेवा, घड्या बदला, हार्ड डिस्क उघडून दोन-चार फाइली चालतात का बघा. आणि ज्या फोटोंवर अजून नाव नाही, तेवढे एका ताटात घालून जेवणं झाल्यावर फिरवा. नाव सांगणारा कुणी निघालाच तर त्याच्यासमोरच पाकिटावर लिहा, सांगणाऱ्याच्या नावासकट.